जुने कॉइलओव्हर : घेताना आणि विकताना

मोटारीच्या मूळ शॉकअप आणि स्प्रिंगांच्या जागी बसणारा, उंची आणि कडकपणा कमी-जास्त करता येणारा जो संच आपल्याकडे सरसकट ‘कॉइलओव्हर’ या नावाने ओळखला जातो, तो मी मुंबईत जुना विकत घेतला, काही वर्षे वापरला आणि पुढे विकूनही टाकला. या खरेदी-विक्रीत मला एक गोष्ट पटली. विकणारा काय सांगतो याला फारसे महत्त्व नसते, कारण वस्तू कशी वापरली गेली ते तिच्या अंगावरच लिहिलेले असते. मात्र त्यासाठी ती गाडीतून काढलेली, पुसलेली आणि उजेडात ठेवलेली असायला हवी, आणि कुठे बघायचे ते आपल्याला माहीत असायला हवे.

माझी गाडी 2011 ची डिझेल स्कोडा लॉरा. तिचे मूळ शॉकअप थकले होते. द्रुतगती मार्गावर पुलांचे सांधे आले की पुढचा भाग दोन-तीन वेळा डुलून मगच स्थिरावत असे, आणि खंडाळ्याच्या उतारावर वळणात ब्रेक मारला की नाक अधिकच खाली जात असे. मूळ पद्धतीचे नवे शॉकअप घालणे हा सरळ उपाय होताच. परंतु जड डिझेल इंजिन पुढे असलेल्या या गाडीला थोड्या ताठ स्प्रिंगा आणि हाताने जुळवता येईल असे डॅम्पिंग, म्हणजे डुलणे थोपवणारा शॉकअपचा रोध, मिळावे, अशी माझी इच्छा बरीच जुनी होती. गाडी रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवण्याची हौस मला कधीच नव्हती. लॉराचे ऑइल चेंबर तसेही खाली असते आणि मुंबईत ते फुटायला एक अनोळखी गतिरोधक पुरेसा होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 99 क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनांत गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलसर असावा असे दिले आहे. आपल्या सोसायट्यांच्या फाटकांपुढे जे उंचवटे घातलेले असतात, ते घालणाऱ्यांनी त्या सूचना वाचल्या असतील असे मला वाटत नाही.

उंचीचा विचार आधी केल्यामुळेच कोणत्या प्रकारचा संच शोधायचा हे ठरले. काही संचांत शॉकअपच्या नळीवर आटे असतात आणि स्प्रिंगखालची कडी वर-खाली फिरवून उंची बदलतात. केडब्ल्यू या जर्मन कंपनीचे व्हेरियंट 1, 2 आणि 3 हे संच या पद्धतीचे आहेत. पहिल्यात फक्त उंची बदलते, दुसऱ्यात रिबाउंड म्हणजे शॉकअप उघडतानाचा रोध जुळवता येतो, तर तिसऱ्यात दबतानाचा रोधही वेगळा जुळवता येतो. त्यांच्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, हा खाऱ्या हवेच्या शहरात मोठाच गुण आहे. अडचण अशी की असे संच युरोपातील मूळ उंचीवरून गाडी ठरावीक मर्यादेत खाली घेण्यासाठी तपासून प्रमाणित केलेले असतात, आणि भारतात विकल्या गेलेल्या गाड्या मुळातच युरोपातल्यांपेक्षा उंच ठेवलेल्या असतात. त्यामुळे संच सर्वांत वरच्या खुणेवर लावला, तरी आपली गाडी पूर्वीपेक्षा चांगलीच खाली येते.

दुसऱ्या प्रकारात शॉकअपची नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर बसते. नळी ब्रॅकेटमध्ये आत-बाहेर फिरवली की शॉकअपची एकूण लांबीच बदलते, त्यामुळे उंची बदलूनही दांड्याची चाल तेवढीच राहते. बऱ्याच तैवानी कंपन्या या पद्धतीचे संच बनवतात आणि त्यांत कडकपणासाठी वर एकच गुंडी असते. मला हाच प्रकार हवा होता. येथे एक खुलासा करायला हवा. लॉराला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब, आणि मागे मल्टिलिंक, म्हणजे अनेक आर्मांनी चाक धरणारी रचना आहे, आणि मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, स्वतंत्र जागी बसते. म्हणजे मागच्या बाजूला ‘कॉइलओव्हर’ असे काही नसतेच. तिथे शॉकअप वेगळा, स्प्रिंग वेगळी आणि उंची बदलणारे आट्यांचे बैठक-भाग वेगळे. जुना संच घेताना नेमके हेच सुटे भाग कमी भरतात.

शोधाची सुरुवात मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून केली. तिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात आणि लॉराचे मूळ शॉकअपही दिसले. परंतु अपघातातल्या गाडीतून निघालेल्या शॉकअपचा दांडा वाकलेला असू शकतो, आणि दुकानदाराला ती गाडी कुठून आली हे ठाऊक नसते. जुळवता येणारे संच तिथे क्वचित येतात, आणि आले तरी चारही भाग एकाच संचातले असतील याची खात्री नसते. त्यामुळे अखेरीस मी गाडीमालकांकडूनच घ्यायचे ठरवले. ओळखीतून ठाण्यातील एका गृहस्थांचा पत्ता लागला. त्यांनी त्यांची लॉरा विकायला काढली होती, मूळ शॉकअप पुन्हा बसवले होते आणि काढलेला तैवानी संच घरी ठेवला होता. अपेक्षा 65 हजारांची होती.

फोनवरच मी एक प्रश्न विचारला, तो म्हणजे पुढच्या स्ट्रटचा व्यास किती आहे. लॉरा, त्या पिढीची ऑक्टेव्हिया आणि जेट्टा या गाड्यांत पुढच्या स्ट्रटची नळी चाकाच्या नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या धातूच्या भागात, सरकून बसते आणि एका आडव्या बोल्टने आवळली जाते. या नळीचा व्यास काही गाड्यांत 50 मिलिमीटर, तर काहींत 55 मिलिमीटर असतो. गाडीचे नाव आणि साल सारखे असले म्हणून व्यास सारखा असेलच असे नाही. मी माझ्या गाडीचे चाक काढून व्हर्निअरने माप घेतले होते, ते 55 भरले. त्यांनी “लॉराचाच आहे हो, तुमच्याला बसणारच” असे सांगितले. मी व्हर्निअर सोबत घेऊनच ठाण्याला गेलो. माप जुळले.

माल त्यांनी पार्किंगमध्ये वर्तमानपत्रांवर मांडून ठेवला होता. यानंतर जे केले त्याचे वर्णन थोडे सविस्तर करतो, कारण पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच.

सर्वप्रथम दांडे पाहिले. शॉकअपचा क्रोम चढवलेला दांडा आरशासारखा गुळगुळीत असायला हवा. त्यावर गंजाचे बारीक ठिपके किंवा उभा ओरखडा असेल, तर तो प्रत्येक खड्ड्यात सीलमधून आत-बाहेर जाऊन सील फाडतो. नख आडवे फिरवले की अडकते का ते कळते. चारही दांडे स्वच्छ होते, पण मागच्या डाव्या शॉकअपच्या सीलभोवती तेलकट धूळ साचलेली होती. कोरडा शॉकअप आणि पुसलेला शॉकअप यांत फरक असतो. ज्या कडेला फडके पोहोचत नाही, त्या कडेतला मळ पाहावा. तो ओला आणि काळा असेल तर तेल गळते आहे.

मग एकेक शॉकअप उभा धरून दांडा पूर्ण दाबला. गॅस भरलेल्या मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीच्या शॉकअपचा दांडा दाबायला अंगाचे वजन टाकावे लागते, आणि सोडल्यावर तो आपोआप, एकसारख्या गतीने बाहेर येतो. मध्येच तो पोकळ लागला, धक्का जाणवला किंवा दांडा आतच राहिला, तर गॅस किंवा तेल गेले असे समजावे. पुढचे दोन्ही ठीक होते. मागचा डावा बाहेर येत होता, पण उजव्यापेक्षा स्पष्टपणे हळू. त्यानंतर गुंड्या. कडकपणाची गुंडी हलक्या हाताने पूर्ण बंद करून तिथून मागे येत टिकटिक मोजतात, कारण पूर्ण कडक ही जागा निश्चित असते. दोन्ही बाजूंना टिकटिक सारखी भरली पाहिजे आणि कडक-मऊ केल्यावर दांडा ओढताना हाताला फरक कळला पाहिजे. गुंडी फिरते पण फरक पडत नाही, असा शॉकअप जुळवता येणारा उरलेला नसतो.

सर्वांत बोलका भाग आट्यांचा. जिथे कडी वर्षानुवर्षे बसलेली असते, तिथे मळाची आणि रंग उडाल्याची रेघ उमटते. ती रेघ कुठे आहे त्यावरून आधीच्या मालकाने गाडी किती खाली चालवली ते कळते. “मी कधी लो केलीच नाही,” असे ते गृहस्थ म्हणत होते आणि रेघ त्यांच्या बोलण्याला दुजोरा देत होती. बंप स्टॉपही तेच सांगत होते. गाडी फार खाली चालवली असेल, तर दांड्यावरचे ते फोमचे ठोकळे चुरडून तुकडे झालेले असतात. इथे ते जुनाट झाले होते, पण अखंड होते. मागच्या एका बैठकीची अॅल्युमिनियमची कडी मात्र जाम झाली होती. अॅल्युमिनियम आणि पोलाद खाऱ्या ओलाव्यात एकत्र राहिले की अॅल्युमिनियम पांढरे पडून आट्यांत घट्ट बसते.

स्प्रिंगांवर 62-180-007 असे आकडे होते. अशा आकड्यांत पहिला आतला व्यास, दुसरा मोकळी लांबी आणि तिसरा ताठपणा असतो. म्हणजे 62 मिलिमीटर, 180 मिलिमीटर आणि एक मिलिमीटर दाबायला 7 किलो. युरोपीय स्प्रिंगांवर हाच ताठपणा न्यूटनमध्ये आणि अमेरिकी स्प्रिंगांवर पाउंडांत लिहितात. ढोबळमानाने 1 किलो प्रति मिलिमीटर म्हणजे 56 पाउंड प्रति इंच. डाव्या-उजव्या स्प्रिंगांवरचे आकडे सारखे आहेत का ते पाहणे अगदी सोपे असते आणि ते बहुतेक जण पाहत नाहीत.

घासाघीस करताना मी संचाची किंमत कमी-जास्त असल्याचा वाद घातला नाही. तो चालता करायला काय लागेल, त्याचा हिशेब कागदावर मांडला. मागचा एक शॉकअप बदलावा लागणार होता, आणि तो एकटा कंपनीकडून मागवता येतो याची मी आधी खात्री केली होती. जो शॉकअप सुटा मिळत नाही, अशा संचाला माझ्या लेखी भंगाराची किंमत. शिवाय बंप स्टॉप, पुढच्या वरच्या बेअरिंगा आणि जाम झालेली कडी. यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घरात जाऊन मूळ खोका आणि कड्या फिरवायचे दोन आकडी पाने (स्पॅनर) आणून दिले, आणि 46 हजारांवर सौदा झाला.

गळका शॉकअप दुरुस्त करून मिळेल असे मला एकाने सुचवले होते. नळीला भोक पाडायचे, तेल भरायचे आणि वेल्डिंग करून बंद करायचे, ही रस्त्याकडेची पद्धत सर्वांना माहीत आहे. आत दाबाखाली नायट्रोजन असलेल्या शॉकअपवर हा प्रयोग करणे धोक्याचे आहे, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. नवा मागवला.

बसवण्याचे काम भांडुपमधील माझ्या नेहमीच्या मिस्त्रींनी केले. नकलची फट उघडायला खास चावी लागते. ती त्यांच्याकडे होती. छिन्नी ठोकून फट उघडणारे गॅरेज असेल तर तिथून गाडी परत आणावी. या गाड्यांत सस्पेन्शनचे अनेक बोल्ट आवळताना ताणले जाणारे असतात आणि एकदा काढले की नवे घालायचे असतात. तो खर्च छोटा आहे, पण त्याची आठवण गॅरेजला करून द्यावी लागते. वरचा नट एअर गनने आवळू नये अशी मी विनंती केली, तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले, “साहेब, दांडा फिरला तर सील जाते, एवढं कळतं आम्हाला.” त्यांनी ॲलन चावीने दांडा धरून हातानेच नट आवळला. मागच्या आर्मांचे बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले, कारण हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले की रबर कायमचे पिळलेले राहते.

उंची मोजताना जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नये, कारण टायरमधल्या हवेने माप बदलते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावे. मूळ उंचीपेक्षा पुढे आणि मागे साधारण बोटभरच गाडी खाली ठेवली. नंतर चार माणसे आणि सामान भरून आमच्या सोसायटीच्या फाटकावरून नेली. चेंबर घासले नाही. थोडे अंतर चालवून स्प्रिंगा बसू दिल्या, उंची पुन्हा पाहिली आणि मगच अलाइनमेंट केले. आधी अलाइनमेंट करून नंतर उंची बदलली, तर अलाइनमेंटचे पैसे वाया जातात. हेडलाइटचा झोतही जुळवून घेतला.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलासाठी दर बदलामागे 5 हजार रुपयांच्या दंडाची आणि सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आणली. नोंदणी पुस्तकात सस्पेन्शनचा रकाना नसतो, या युक्तिवादावर मी विसंबलो नाही. बदलाची लेखी माहिती विमा कंपनीला दिली आणि पोच जपून ठेवली. अपघातानंतर सर्व्हेअरला ती पहिल्यांदा कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

वापराच्या काळाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, याचा अर्थ तो चांगला गेला. द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर गाडी जमिनीला धरून चालत असे, घाटात झुकणे कमी झाले. शहरात गुंडी बरीच मऊ ठेवावी लागे. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत ताठ स्प्रिंगांचा त्रास व्हायचा तो झालाच, आणि मागे बसणाऱ्या माझ्या आईने तो स्पष्ट शब्दांत कळवला. मृग लागण्यापूर्वी चाके काढून आटे ब्रशने साफ करणे, त्यांवर अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारे वंगण, लावणे आणि प्रत्येक कडी थोडी फिरवून परत जागेवर आणणे, एवढे दरवर्षी केले. पाऊस संपल्यावर पुन्हा धुऊन तेच. ज्यांनी हे केले नाही त्यांच्या कड्या हातोड्याने काढताना मी पाहिल्या आहेत.

गाडी विकायची वेळ आली तेव्हा घेणाऱ्याला मूळ सस्पेन्शनच हवे होते. मूळ स्प्रिंगा माळ्यावर जपून ठेवल्याच होत्या, त्यांच्या जोडीला नवे साधे शॉकअप घालून दिले. कॉइलओव्हर स्वतंत्र विकायचे ठरले.

घेताना जे पाहिले होते तेच विकताना दाखवायचे, एवढेच ठरवले. फोटो धुतल्यानंतर काढले, पण पॉलिश लावले नाही. सीलची कड, दांडे, बंप स्टॉप, आट्यांवरची रेघ, स्प्रिंगांवरचे आकडे आणि नकलमध्ये जाणाऱ्या भागावर व्हर्निअर लावलेला एक फोटो. कोणता शॉकअप केव्हा बदलला ते लिहिले, पावती जोडली. मागच्या एका कडीचे आटे झिजलेले आहेत हेही लिहिले, कारण ते पाहणाऱ्याला दिसणारच होते, आणि समोरच्याने शोधून काढलेला दोष आपण सांगितलेल्या दोषापेक्षा महाग पडतो. अपेक्षा 42 हजारांची ठेवली.

पहिले काही दिवस फक्त “लास्ट किती?” एवढेच विचारणारे फोन आले. एकाने आपण लष्करात असून बदलीच्या गावी आहोत, माणूस पाठवतो, तोपर्यंत पैसे घेण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा, असे सांगितले. पैसे घेताना यूपीआयचा पिन लागत नाही, हे ज्यांना माहीत नसते ते अशा वेळी पिन टाकून स्वतःचेच पैसे पाठवून बसतात. नाशिकच्या एका तरुणाला संच फार आवडला होता. त्याच्या गाडीचा व्यास मोजायला सांगितला तर 50 भरला. “नकल आतून कापून मोठे करून बसवतो,” म्हणाला. स्ट्रट जिथे आवळला जातो तिथलाच धातू कापून चालवलेली गाडी माझ्या संचावर असावी हे मला पटेना, म्हणून मी नकार दिला. आणखी एकाची लॉरा पेट्रोलवरची होती. इंजिन हलके असल्याने या संचाच्या पुढच्या स्प्रिंगा त्याला जास्तच ताठ वाटतील, हे त्याला सांगितले आणि विचार करून त्याने नाद सोडला.

कुरिअरने पाठवण्याची चौकशीही करून ठेवली होती. दाबाखाली गॅस असल्यामुळे अशी पार्सले विमानाने न्यायला सहसा नकार मिळतो, रस्त्यानेच पाठवावी लागतात, आणि दांड्यांना थर्माकोल गुंडाळून लाकडी पेटी केली नाही तर क्रोमवर टवका उडून सारे काम फुकट जाते. ती वेळ आली नाही. पुण्याहून एक गृहस्थ स्वतःच गाडी घेऊन आले, सोबत त्यांचे मिस्त्री. त्या मिस्त्रींनी एक शब्द न बोलता चारही दांडे दाबले, गुंड्या बंद करून टिकटिक मोजली, झिजलेल्या आट्यांवर अंगठा फिरवला आणि मालकांकडे पाहून मान हलवली. झिजेपोटी काही कमी करावे असे मालकांचे म्हणणे होते. 38 हजारांवर जमले. आकडी पाने, मूळ खोका, शॉकअपची पावती आणि शहरात व महामार्गावर मी गुंडी कुठे ठेवत असे त्याचा कागद दिला. नकलचे बोल्ट मात्र नवेच घ्या, माझे वापरू नका, असे सांगून ते मुद्दामच दिले नाहीत. साध्या कागदावर दोघांनी सही केली. त्यात वस्तू आहे त्या स्थितीत तपासून घेतल्याचे आणि झिजलेल्या कडीचा उल्लेख केल्याचे लिहिले. पैसे बँकेत जमा झाल्यावर माल त्यांच्या डिकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी संच काढून मूळ पद्धतीचे सस्पेन्शन बसवल्याचे पत्र विमा कंपनीला दिले, त्याची पोच गाडीच्या नव्या मालकाच्या कागदपत्रांत लावली आणि मगच गाडीच्या हस्तांतराच्या अर्जावर सही केली.